केर्न-फ्रेंकेल मॉडेल: ९ महिने पॅची पार्टिकल्स चालवल्यावरचा अनुभव

जवळपास ९ महिने झाले, रोज संगणकावर हेच मॉडेल मॉन्टे कार्लो पद्धतीने (कण रँडम हलवायचे आणि प्रत्येक मूव्ह एका नियमाने स्वीकारायचा किंवा नाकारायचा) चालवतेय, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहावं. पहिल्या पंधरवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसता वैताग.

ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधे कोलॉइडचे, म्हणजे द्रवात तरंगणारे सूक्ष्म, कण सगळ्या बाजूंनी सारखेच चिकटतात, पण कणावर ठराविक जागीच चिकट ठिपके, म्हणजे पॅचेस, असतील तर कोण कोणाला कुठून चिकटणार हे दिशेवर ठरतं आणि फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला आणि डेन्सिटीला गॅस, द्रव की क्रिस्टल याचा नकाशा) पार बदलतो. केर्न आणि फ्रेंकेल यांनी २००३ मध्ये यासाठी जे मॉडेल मांडलं ते इतकं साधं आहे की कोड एका संध्याकाळी लिहून होतो. हार्ड स्फिअर, म्हणजे एकमेकांत न घुसणारा गोल (व्यास सिग्मा), त्याभोवती डेल्टा रुंदीची (सिग्माच्या पटीत) स्क्वेअर वेल, म्हणजे ठराविक अंतरापर्यंतच सारखं आकर्षण, आणि प्रत्येक पॅचचा एक अर्धकोन थिटा. दोन कणांची केंद्रं जोडणारी रेघ दोघांच्याही पॅचमधून जात असेल आणि अंतर वेलच्या आत असेल तर बाँड, नाहीतर काही नाही. एनर्जी म्हणजे फक्त बाँड मोजायचे. हे मला अजूनही फार आवडतं, कारण एनर्जी पूर्णांकात येते, हिस्टोग्राम स्वच्छ निघतात, आणि एका तापमानाच्या रनवरून शेजारच्या तापमानाला रीवेट करणं, म्हणजे तोच डेटा नव्या वजनाने वापरणं, अगदी सोपं जातं.

मी सुरुवात ४ पॅचेसच्या टेट्राहेड्रल कणांनी केली, डेल्टा ०.११९ आणि कॉस थिटा ०.९२, साहित्यात खूप ठिकाणी हीच जोडी दिसते. यामागे कारण आहे. एका पॅचला एकच बाँड हवा असेल तर साइन थिटा हा १ भागिले २(१+डेल्टा) यापेक्षा जास्त नको, म्हणजे या डेल्टाला कॉस थिटा साधारण ०.८९५ च्या खाली जाता कामा नये. मी मध्येच पॅच जरा मोठा करून बघू म्हणून ०.८५ टाकलं, आणि कणांना ४ ऐवजी ५-५, ६-६ बाँड दिसायला लागले, दोन दिवस कोडमध्ये बग शोधत बसले. बग नव्हता, भूमिती होती. तेव्हा पॅचचा साइज बदलण्याआधी ही अट आधी कागदावर तपासा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. मॉडेल सोपं आहे, त्याला इक्विलिब्रियमला, म्हणजे खऱ्या समतोलाला, नेणं सोपं नाही. ०.९२ ला एक पॅच कणाच्या पृष्ठभागाचा फक्त ४% भाग व्यापतो. एका पॅच-जोडीचा बाँड जमण्यासाठीची जागा, ओरिएंटेशन धरून, काढली तर ती सुमारे ०.००२७ सिग्मा क्यूब येते. २० सिग्मा बाजूच्या बॉक्समध्ये कुठेही कण टाकून तो नेमका त्या एका जागी बसण्याची शक्यता किती ते बघा, कोटीत ३-४ वेळा. म्हणजे साधे इन्सर्शन मूव्ह गार तापमानाला जवळपास वायाच जातात. आणि जे बाँड जमलेत ते सुटत नाहीत: रिड्यूस्ड तापमान (बाँडच्या एनर्जीच्या पटीत मोजलेलं) ०.१२५ वरून ०.१ वर आणलं तर एक बाँड सुटायला साधारण ७ पट वेळ लागतो, हे ऐकून वाटतं की चालेल, पण नेटवर्कमधल्या कणाचे चारही बाँड एकदम सुटायचे म्हटले तर तोच आकडा ३,००० पटीच्या आसपास जातो. मी पहिले तीन महिने फक्त साध्या ट्रान्सलेशन आणि रोटेशन मूव्हवर काढले, एनर्जीचा ग्राफ सपाट दिसला की मला वाटायचं झालं इक्विलिब्रियम. ते झालेलं नव्हतं, ते अडकलेलं होतं.

सुटका झाली ती ॲग्रिगेशन-व्हॉल्यूम-बायस मूव्हमुळे (चेन आणि सीपमन, २०००). कल्पना अशी की कणाला रँडम जागी न टाकता मुद्दाम बाँडच्या जागेत टाकायचं किंवा तिथून बाहेर काढायचं, आणि त्या पक्षपाताची भरपाई ॲक्सेप्टन्स रूलमध्ये करायची. ती भरपाई लिहिताना एक फॅक्टर चुकला तर कोड मस्त चालतो आणि उत्तर मात्र चुकीचं येतं, म्हणून आधी दोनच कण बॉक्समध्ये ठेवा, बाँड असण्याची प्रोबॅबिलिटी हाताने काढा आणि जुळते का बघा. मला ही टेस्ट पाचव्या महिन्यात सुचली, पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. क्लस्टर अख्खे हलवायला व्हर्च्युअल-मूव्ह मॉन्टे कार्लोही (व्हाइटलॅम आणि गाइस्लर, २००७) जोडलं, फायदा झाला पण कोडची गुंतागुंत बरीच वाढली. आणि हो, स्टेप साइज आपोआप ॲडजस्ट होत असेल तर प्रॉडक्शन रनमध्ये ते बंद करा, डिटेल्ड बॅलन्स, म्हणजे प्रत्येक मूव्हचं जाणं-येणं समतोलात असण्याची अट, मोडतो.

एवढं केल्यावर जे दिसलं त्यासाठी सगळी मेहनत सार्थकी लागली. २००६ मध्ये बियांकी, शोर्तिनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पॅचेसची संख्या कमी करत गेलं की क्रिटिकल पॉइंट (ज्याच्या वरच्या तापमानाला गॅस आणि द्रव वेगळे राहत नाहीत) कमी तापमानाकडे आणि कमी डेन्सिटीकडे सरकतो, आणि सरासरी २ च्या जवळ नेलं तर द्रव जवळजवळ रिकामा असूनही द्रवच राहतो. ५, ४, ३ असं करत मी स्वतःच्या डेटात ते सरकणं बघितलं, आणि नुसत्या २ पॅचेसना फक्त साखळ्याच होतात, गॅस-लिक्विड वेगळे होतच नाहीत. वाचलेलं होतं, तरी स्क्रीनवर ती पोकळ जाळी बघताना अंगावर काटा आला.

जॅनस कणही, म्हणजे अर्धा गोल चिकट, थोडे दिवस चालवले. तिथे गार केल्यावर गॅसची डेन्सिटी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, कारण कण मायसेल (छोटे गोळे) आणि व्हेसिकल (पोकळ पिशव्या) करून स्वतःतच समाधानी होतात, चिकट बाजू आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर. २००९ मध्ये हे सिम्युलेशनमधून छापून आलेलं आहे, ते माहीत नसेल तर आपलाच कोड बिघडलाय असं वाटतं.

गेले तीन महिने कागोमेवर, म्हणजे त्रिकोण आणि षट्कोन यांच्या विरळ जाळीवर, आहे. २०११ मध्ये ग्रॅनिकच्या गटाने प्रयोगात दोन ध्रुवांवर चिकट टोप्या असलेले कण पसरवून ही जाळी मिळवली होती, तेच मला द्विमितीत करायचं होतं. इथे प्रत्येक पॅचला दोन बाँड हवेत, म्हणजे अर्धकोन ३० अंशांपेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी. एक मोठी फसगत सांगते: मी क्रिस्टल ओळखायला साय-सिक्स ऑर्डर पॅरामीटर (शेजारी ६० अंशांच्या पटीत आहेत का ते मोजणारा आकडा) वापरत होते आणि आकडा झकास १ च्या जवळ येत होता. पण कागोमेतल्या कणाचे चार शेजारी ०, ६०, १८० आणि २४० अंशांवर असतात, सगळे ६० चे पटीत, त्यामुळे साय-सिक्सला कागोमे आणि साधी षट्कोनी जाळी यातला फरकच कळत नाही. शेजारी मोजा, ४ की ६, किंवा पॅकिंग बघा, कागोमेची कमाल एरिया फ्रॅक्शन ०.६८० आणि षट्कोनीची ०.९०७. बॉक्सही चौरस ठेवू नका, बाजूंचं प्रमाण जाळीला जुळणारं घ्या किंवा बॉक्स बदलू द्या, नाहीतर जाळी उगाच ताणलेली राहते.

कोणाला घ्यायचं असेल तर माझं मत हे की फेज डायग्रामसाठी यापेक्षा पारदर्शक मॉडेल मला तरी मिळालेलं नाही, पण पोटेन्शियल पायरीसारखं असल्यामुळे फोर्स काढता येत नाही, नेहमीचं मॉलिक्युलर डायनॅमिक्स करायचं असेल तर गुळगुळीत केलेलं रूप घ्यावं लागेल. सध्या कागोमेचे दोन रन शेजारी शेजारी चालू आहेत, एक पूर्ण क्रिस्टलपासून आणि एक विस्कळीत फ्लुइडपासून. दोन्ही वितळण्याच्या आसपास अजून एकमेकांना मिळालेले नाहीत, आणि ते मिळेपर्यंत वितळण्याच्या रेषेचा आकडा मी कुठेही लिहिणार नाही.