वजन नव्वदच्या पुढे आणि पहिलाच काइटबोर्ड: 138, 150 की 160?

काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर बोर्ड चालवायचा, कोर्स संपत आला आणि स्वतःचा बोर्ड घ्यायचा विषय काढला की तीन सल्ले हमखास मिळतात. ज्याला आपला जुना बोर्ड खपवायचाय तो म्हणतो, 138 सेंटीमीटर लांबीचा घे, थोड्या दिवसांत जमेल. इन्स्ट्रक्टर म्हणतो, 150 च्या आसपास बघ. आणि किनाऱ्यावरचा एखादा धिप्पाड गडी आपला 160 चा लांबलचक 'डोअर', म्हणजे दरवाजाएवढा बोर्ड, दाखवून सांगतो, मी तर यावरच शिकलो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने यातला कुठलाही उचलला तरी त्याचं निभावतं. 95 किलोच्या माणसाचं निभावत नाही, म्हणून ही तुलना त्याच्यासाठी.

बोलतोय ते फक्त ट्विन टिपबद्दल, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या बोर्डाबद्दल. सर्फबोर्ड तूर्तास नको. फॉइल, म्हणजे खाली पाण्यात पंख असलेला आणि त्यावर पाण्याबाहेर उचलला जाणारा बोर्ड, तर नकोच. पॅरिस 2024 ला काइट पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली ती फॉइलवरच, हे खरं. पण ते बघायला छान आहे, पहिल्या वर्षी पायाखाली घ्यायला नाही.

आधी आकडे. दुकानात सगळे लांबी विचारतात, पण तुमचं वजन उचलतं ते क्षेत्रफळ. टोकांची गोलाई सोडून सरळ लांबी गुणिले रुंदी केली, तर 138×41 चा बोर्ड होतो 5,658 चौरस सेंटीमीटर, 150×45 चा 6,750 आणि 160×45 चा 7,200. म्हणजे पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलात की सुमारे 19 टक्के वाढ, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जेमतेम 7. दुसऱ्या वेळी लांबी दहा सेंटीमीटरने वाढली, पण रुंदी होती तिथेच राहिली. 148×41 आणि 144×45 यांत निवड आली तर जड माणसाने डोळे झाकून दुसरा घ्यावा.

138 वर नेमकं काय होतं ते सांगतो. पाण्यात पाठीवर पडून पाय स्ट्रॅपमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या पट्ट्यांत, घातलेत, काइट डोक्यावर. ती एका बाजूला झेपावली, ओढ आली, तुम्ही उठलात. बोर्ड मात्र अजून पाण्याखालीच आहे, मागचं टोक बुडालेलं, घोटे पाण्यात. काइटचा हा जोर दोन-तीन सेकंदांचाच असतो. तेवढ्यात बोर्डाने वेग धरला आणि तो पाण्यावर आला तर ठीक, नाहीतर ओढ संपते आणि तुम्ही हळूच पुन्हा खाली बसता. हलका माणूस याच दोन-तीन सेकंदांत सुटून जातो. बघणाऱ्यांना वाटतं, याला वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यातून उठून बोर्ड सुरू करणं, येत नाही. पुष्कळदा तंत्र ठीक असतं, पायाखालची फळी कमी पडत असते. शिवाय दर फसलेल्या प्रयत्नाला तुम्ही वाऱ्याबरोबर आणखी खाली वाहत जाता आणि मग बोर्ड काखेत, काइट डोक्यावर धरून वाळूतून मागे चालत येणं आलंच. त्यातच दम जातो.

यावर जो उपाय सर्रास सुचवला जातो तो मला धोक्याचा वाटतो. बोर्ड लहान आहे ना, मग काइट एक नंबर मोठी लाव! वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 14 नॉट्सचा (ताशी सुमारे 26 किलोमीटरचा) वारा झोतासरशी 20 झाला तर ओढ दीडपट होत नाही, दुप्पट होते. मोठी काइट, नवखे हात आणि अचानक दुप्पट ओढ हे एकत्र आलं की माणूस वाळूवर किंवा खडकावर आपटतो. मंद वाऱ्यात मोठ्या बोर्डाने फार तर तोंडावर पाणी उडेल. जास्तीचे चौरस सेंटीमीटर हवेत घेण्यापेक्षा पायाखाली घ्यावेत, एवढं माझं ठाम मत आहे. कंपनीच्या तक्त्यात 95 किलोसमोर 140-142 लिहिलेलं दिसलं तरी बिचकू नका. असे तक्ते बहुधा चालवता येणाऱ्या माणसासाठी आणि बऱ्या वाऱ्यासाठी असतात.

आता वारा कुठला, ते. काइटच्या आकाराचा एक ढोबळ हिशेब आहे: किलोतलं वजन भागिले नॉट्स, गुणिले 2.2. उत्तर चौरस मीटरमध्ये येतं. 95 किलोला 20 नॉट्समध्ये साडेदहाची काइट पुरते, 13 नॉट्समध्ये सोळाची लागते. गोव्यात मोरजी-अश्वे पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारचा समुद्री वारा मिळतो, पण तो बऱ्याचदा 12-14 नॉट्सच्या पुढे जात नाही. शाळांकडे तुमच्या मापाची सोळा-सतराची काइट असेलच असं नाही, बाराची मिळते. तूट भरायची कशाने? बोर्डाने. म्हणून मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवार गाठून मोरजीलाच जाणार असाल, तर 160 चा विचार अगदी रास्त आहे, विशेषतः वजन शंभरच्या पुढे असेल तर.

रामेश्वरमचं गणित वेगळं. तिथे बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दक्षिणेचा, आणि दोन्ही मोसमांत कुठल्या ना कुठल्या बाजूला उथळ, सपाट पाणी. वारा गोव्यापेक्षा दमदार आणि एकसारखा. श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मेनंतर तर बऱ्याचदा वीसच्या वर वाहतो. अशा ठिकाणी 160 घेऊन गेलात तर उलटा ताप. वॉटर स्टार्ट एका झटक्यात होतो, पण वेग वाढला की बोर्डाची कड पाण्यात रुतवता येत नाही. टाचांवर कितीही भार टाका, फळी सपाट होऊन सुटते आणि काइट तुम्हाला वाऱ्याच्या दिशेने फरपटत नेते. लाटांची चुळबुळ असेल तर प्रत्येक दणका थेट गुडघ्यात. वजनदार माणसाचे गुडघे आधीच काय ते सोसत असतात.

कड रुतवण्यात पावलाच्या लांबीचाही हात असतो, याकडे फारसं कुणी बघत नाही. सहा फूट उंच, दहा नंबरचा बूट घालणारा 100 किलोचा माणूस 46 रुंदीचा बोर्ड सहज कलवतो, कारण त्याची टाच कडेपर्यंत पोचते. तेवढ्याच वजनाचा, पण बुटका आणि सात नंबरवाला त्याच बोर्डावर झगडत बसतो. त्याने रुंदी 44 वर थांबवून लांबी 152-155 पर्यंत नेलेली बरी. इथे वरचा रुंदीचा नियम मोडतो, पण मोडायचाच.

राहिला 150×45. माझा कौल बहुतेकांसाठी यालाच आहे. वजन 85-95 असेल तर 145×44 सुद्धा चालेल. 95 ते 110 ला 150-155 आणि 45-46. 110 च्या वर मात्र वारा दमदार असला तरी 160 कडेच झुका. पण नुसता आकडा बघून पैसे देऊ नका. 'नवशिक्यांसाठी' म्हणून विकलेले बरेच बोर्ड मुद्दाम मऊ केलेले असतात. मधोमध तुमचं वजन आलं की त्यांची दोन्ही टोकं वर वाकतात, बोर्ड केळ्यासारखा होतो आणि वेग मरतो. कागदावर 150 असलेला मऊ बोर्ड तुमच्याखाली 150 सारखा वागतच नाही. मध्यम कडक, तळ शक्य तितका सपाट असा बघा. लाकडी गाभा आणि फायबरग्लास पुरे. कार्बनला जास्तीचे पैसे घालण्यात सध्या अर्थ नाही.

पैशाच्या बाजूने 160 थोडा सरस ठरतो. पुढे तयार झालात तरी मंद वाऱ्याच्या दिवसांसाठी तो घरात राहतो. 150 मात्र वर्षा-दोन वर्षांत पुढच्या जाडजूड नवशिक्याला विकायचा असतो, म्हणून शक्यतो सेकंडहँडच घ्या: फिनजवळ (तळाच्या छोट्या कल्ल्यांजवळ) तडे नाहीत ना, कडेला पाणी शिरून फुगलेलं नाही ना, एवढं तपासून. नेण्याआणण्याचं म्हणाल तर विमानाच्या 158 सेंटीमीटरच्या मापात (लांबी, रुंदी, उंची मिळून) यातला एकही बसत नाही. विमान कंपनीचा क्रीडासाहित्याचा नियम आधीच विचारावा. सारखं विमानानेच जाणार असाल तर मधोमध दोन तुकडे होणारा बोर्ड मिळतो, जरा जड आणि महाग. कोकण रेल्वेने थिवीला उतरणाऱ्याला हा प्रश्नच नाही.

आणि स्ट्रॅप. अनवाणी वावरलेली रुंद पावलं कित्येक तयार स्ट्रॅपमध्ये अर्धीच जातात, मग पाण्यात लाट आली की बोर्ड एकीकडे, आपण दुसरीकडे. घेण्याआधी बोर्ड वाळूवर ठेवा, पाय ओले करा, स्ट्रॅप पूर्ण ढिला करून दोन्ही पावलं आत घाला आणि गुडघे वाकवून उकिडवे बसा. स्ट्रॅप पावलाच्या मध्यावर आला पाहिजे आणि बोटं पुढून दिसली पाहिजेत. तो बोटांच्या मुळाशीच अडकत असेल, तर मोठे स्ट्रॅप आधी मागवा आणि मगच बोर्डाचे पैसे द्या.