१८ गेजच्या पाईपसाठी घेतलेली सिंगल फेज मिग, आठ महिन्यांनंतर

ही मिग, म्हणजे रॉडऐवजी हातातल्या टॉर्चमधून आपोआप पुढे येणाऱ्या वायरने जोडणारी वेल्डिंग मशीन, दिवाळीच्या आधी घेतली, आता जून चालू आहे. तेव्हापासून पाच-सहा जणांनी विचारलं की कुठली घेऊ, किती अँपिअरची घेऊ, गॅसवाली की बिनगॅसची, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. मी वेल्डर नाही, नोकरी वेगळी आहे, रविवारी आणि सुट्टीला घरामागच्या शेडमध्ये काम करतो. कोल्हापुरात राहतो त्यामुळे उद्यमनगर, म्हणजे इथला कारखान्यांचा भाग, जवळ आहे, सुटे भाग मिळायला त्याचा फायदा झाला हे आधीच सांगतो, लांबच्या गावात असाल तर हा मुद्दा जास्त धरा.

माझ्याकडे आधीपासून साधी रॉडची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन होती आणि जाड कामाला मी आजही तीच काढतो. अडचण होती ती १८ गेजच्या चौकोनी पाईपची. १८ गेज म्हणजे जेमतेम १.२ मिमी, त्यावर १२ नंबरचा रॉड टेकवला की आधी चिकटतो आणि आर्क (विजेची सलग ठिणगी) लागला की भोक पडतं, भोक भरायला जावं तर ते आणखी मोठं होतं. कुंड्यांचा स्टँड केला त्यात निम्मा वेळ भोकं बुजवण्यात गेला. मुलीचा पलंग करायचा होता आणि तो मला नीटच करायचा होता, म्हणून मिगचा विचार सुरू केला. वर्कशॉपमध्ये तिला सगळे सीओटूच म्हणतात, तिला लावतात त्या कार्बन डायऑक्साइड गॅसवरून, दुकानात तसं विचारा.

बजेट होतं १५ हजार, आणि इथेच बहुतेकजण चुकतात असं मला आता वाटतं, कारण आपण ते सगळे पैसे मशीनमध्ये घालतो. मशीन साडेतेरा हजारांची घेतली, पण शेवटी हेल्मेट, वायरिंग, वायर, क्लॅम्प धरून २१ हजारांच्या पुढे गेलो, त्यात गॅसचा खर्च नाहीच. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मशीनला ११-१२ हजार ठेवीन आणि बाकीचे बाहेर ठेवीन.

ब्रँड मुद्दाम सांगत नाही. या किमतीत तीच बॉडी, तेच पॅनल, तोच फीडर (वायर पुढे ढकलणारा भाग) वेगवेगळ्या नावांनी विकतात, तेव्हा नावापेक्षा कव्हर उघडून आत काय आहे ते बघा. माझ्या मशीनवर पुढे मोठ्ठं २५० लिहिलंय. हा आकडा मनावर घेऊ नका, हिशोब सोपा आहे. मिगमध्ये १०० अँपिअरला आर्कचं व्होल्टेज साधारण १९ धरतात, म्हणजे १९०० वॅट, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आणि पॉवर फॅक्टर धरला की घरच्या लाईनवरून १४ अँपिअरच्या आसपास ओढतं. १५० ला हेच २३-२४ वर जातं. मग २५० कुठून येणार, घरचं १५ अँपिअरचं सॉकेट आधी जळेल. पण घाबरू नका, १८ आणि १६ गेजला ६० ते ९० अँपिअर भरपूर होतात, माझं नव्वद टक्के काम तिथेच आहे. मागच्या प्लेटवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते ती वाचा, ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं आराम, आणि ती किती अँपिअरला आहे ते बघा.

पहिला महिना मी मशीनलाच दोष देत होतो. सोबत एक किलोची फ्लक्स कोअर वायर आली होती, म्हणजे आत पावडर भरलेली, बिनगॅसची, ती लावली आणि सुरू केलं. नुसते छर्रे उडत होते, पाईपवर बारीक खडे चिकटायचे, आणि टाका दिसायचा पाईपवर ठेवलेल्या शेंगदाण्यासारखा, हातोडा मारला की निघून यायचा. व्होल्टेज वाढवलं, कमी केलं, वायरचा स्पीड बदलला, काही फरक नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला सर सेटिंग बघा. परत करायच्या विचारात होतो.

आमचे मामा शिरोली एमआयडीसीत बरीच वर्षं सीओटूवर काम करून आता घरी असतात, एका रविवारी ते सहज आले होते. त्यांनी माझा टाका बघितला, काही बोलले नाहीत, सरळ वायरच्या बाजूचं झाकण उघडलं. आत दोन तांब्याचे टर्मिनल असतात, प्लस आणि मायनस, टॉर्चची केबल प्लसला नटाने बसवलेली होती.

"ही बिनगॅसची वायर आहे ना रे?"
"हो मामा."
"मग टॉर्च मायनसला पाहिजे आणि पाईपला लावतोस तो अर्थिंगचा क्लॅम्प प्लसला. हे गॅसचं कनेक्शन आहे."

पाना घेतला, दोन नट फिरवले, दोन मिनिटांचं काम. पुढचाच टाका सपाट बसला, कडा पाईपात मुरलेल्या, आणि आवाज बदलला, आधी फटफट व्हायचं ते आता कढईत भजी तळताना होतो तसा सलग चर्रर्र. तो आवाज लक्षात ठेवा, सेटिंग करताना मी आकड्यांपेक्षा त्यावर जास्त जातो. तर बिनगॅसची फ्लक्स कोअर असेल तर टॉर्च मायनस, गॅस आणि साधी तांब्याचा मुलामा असलेली वायर असेल तर टॉर्च प्लस. आणि मशीन घेताना ही पोलॅरिटी बदलता येते का ते आधी विचारा, काही स्वस्त मशीनमध्ये ती फिक्स असते, मग तुम्ही एकाच प्रकारच्या वायरला बांधले जाता.

दुसरी चूक होती लाईनची. शेडमध्ये घरातून जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवर २० मीटर लांबून करंट आणला होता. संध्याकाळी मीटर लावून बघितलं तर आर्क चालू असताना व्होल्टेज १९० च्या खाली जात होतं, आणि बोर्ड हाताला गरम. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन बोर्डपासून शेडपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढून घेतली, २५ अँपिअरचा सी टाईप एमसीबी आणि तेवढ्याच क्षमतेचं इंडस्ट्रियल सॉकेट, घराचं अर्थिंग तपासून घेतलं. सुमारे तीन हजार गेले. त्यानंतर तीच मशीन वेगळी वाटायला लागली. ज्यांच्या घरी अजून हे झालेलं नाही त्यांनी मशीनच्या आधी हे करा, पोटतिडकीने सांगतोय, कारण तापलेल्या बोर्डाने घराला आग लागू शकते.

अर्थिंगचा क्लॅम्प सोबत येतो तो पत्र्याचा, स्प्रिंग ढिली. अर्धा तास काम करून त्याला हात लावा, चटका बसला तर समजा करंट तिथेच वाया जातोय. ३५० रुपयांत पितळी घेतला आणि जिथे लावतो तिथला गंज आणि रंग ग्राइंडरने काढतो.

फीडर प्लास्टिकचा आहे, ही माझी खरी तक्रार. मेटलचा मिळाला तर तोच घ्या, हजारभर जास्त गेले तरी चालतील. रोलरला खाचा असतात, साध्या वायरला गुळगुळीत व्ही खाच, फ्लक्स कोअरला दातेरी. मी पहिल्यांदा व्ही खाचेत फ्लक्सची वायर घालून स्क्रू आवळत गेलो, ती पोकळ असते ना, आत पावडर असते, दाबली गेली आणि टॉर्चच्या टोकाच्या टिपमध्ये अडकली, आणि रोलर फिरतच राहिला म्हणून आत वायरचा असा गुंता झाला की कापून काढायला लागला. स्क्रू इतकाच आवळायचा की टॉर्चमधून येणारी वायर लाकडाच्या फळीवर टेकली की वाकून पुढे येत राहील. कॉन्टॅक्ट टिप उद्यमनगरात वीस-पंचवीस रुपयांना मिळते, दहा आणून ठेवल्यात.

पाचव्या महिन्यात फीडरची मोटर बंद पडली. वॉरंटी होती, पण विकणाऱ्याचं म्हणणं मशीन स्वतःच्या खर्चाने कुरिअर करा, तीन-चार आठवडे लागतील. मला पलंग अर्धा ठेवायचा नव्हता. उद्यमनगरात बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे नेली, त्याने फीडरच्या छोट्या बोर्डवरचा एक पार्ट बदलला, ६०० रुपये, दुसऱ्या दिवशी चालू. वॉरंटी गेली हे मान्य आहे. म्हणून म्हणतो, ऑनलाईन चारशे रुपये वाचवण्यापेक्षा गावातल्या दुकानातून घ्या जिथे तुम्ही मशीन उचलून नेऊ शकता.

आता गॅस. चार महिने बिनगॅसवर काढले, मग सेकंडहँड छोटा सीओटू सिलेंडर आणि रेग्युलेटर घेतला, दोन्ही मिळून सहा हजारांच्या वर. पातळ पाईपला फरक जमीन-अस्मानाचा आहे, स्लॅग (टाक्यावरची खपली) नाही, छर्रे कमी, टाक्यावर हलका ब्रश मारला की रंगाला तयार. माझ्या वहीत १८ गेजला ०.८ मिमीची वायर, १७ व्होल्ट, वायर मिनिटाला साडेतीन मीटर, गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर असं लिहिलंय, तुमच्या मशीनवर थोडं इकडेतिकडे होईल. सलग ओढायचं नाही, एक-दीड सेकंदाचे टाके एकमेकांवर चढवत जायचं, एका बाजूला चार मारले की विरुद्ध बाजूला जायचं, नाहीतर फ्रेम ओढली जाते आणि काटकोन जातो. पण वाऱ्यात गॅस उडून जातो आणि टाक्यात बारीक छिद्रं पडतात, म्हणून गेटचं काम बाहेर करताना अजूनही फ्लक्स कोअरच लावतो.

सिलेंडरच्या प्रेशरच्या काट्यावर किती गॅस उरला ते कळत नाही, कारण आत सीओटू द्रव असतो, तो संपेपर्यंत काटा तिथेच असतो आणि मग एकदम पडतो. मी ताणकाट्याला लटकवून वजन करतो, रिकाम्याचं वजन खडूने वर लिहून ठेवलंय. सिलेंडर उभाच, भिंतीला साखळीने बांधलेला. आणि शटर बंद करून सीओटूवर काम करायचं नाही, तो हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो.

हेल्मेटला पैसे काढा. अठराशेचं ऑटो डार्क घेतलं, म्हणजे आर्क लागला की काच आपोआप काळी होते, काळेपणा ९ ते १३ नंबरचा, दोन्ही हात मोकळे राहतात आणि टाका कुठे पडतोय ते दिसतं. टीशर्टवर काम केलं तेव्हा गळ्याखालचा त्रिकोण दुसऱ्या दिवशी उन्हात भाजल्यासारखा लाल झाला होता, तेव्हापासून कॉलरचा जाड सुती शर्ट आणि चामड्याचे हातमोजे. जीआय पाईपचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढल्याशिवाय अजिबात जोडू नका, पांढरा धूर येतो तो जस्ताचा, रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या ओळखीतल्या एकाला भरला होता, त्याला वाटलं मलेरिया.

टाका सुंदर दिसतो म्हणजे मजबूत आहे असं नाही, मिगमध्ये हे रॉडपेक्षा जास्त फसवं आहे. मी प्रत्येक नवीन सेटिंगवर दोन तुकडे जोडून वाईसमध्ये धरतो आणि घणाने वाकवतो. पाईप वाकला आणि टाका राहिला तरच ते सेटिंग वहीत जातं. पहिल्या गेटची बिजागरी माझ्या अशाच देखण्या टाक्यातून सुटली होती, कुणी खाली नव्हतं हे नशीब. झोपाळ्याचे हुक घरात लावायचे होते ते मी केले नाहीत, मामांकडून रॉडने मारून घेतले.

सध्या पावसाचं एक काम वाढलंय. मागच्या आठवड्यात फ्लक्सचा रोल मशीनमध्येच राहिला होता, बाहेरच्या दोन थरांवर तांबूस डाग आले, तेवढे ओढून टाकून दिले. आता काम झालं की रोल काढून स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, झाकणाला चिकटपट्टी. पलंग रंगवून झालाय, पोरगी गेले दहा दिवस त्यावरच झोपतेय आणि कुठेही कुरकुर नाही. पुढचं काम वाडीतल्या शाळेचा तुटलेला बाक, त्याचा पाईप १६ गेजचा आहे, तुकडे वाकवून बघायचेत.