केव्ह डायव्हिंग शिकवायला घेतलेली साइड हँडल रील: मस्तीखोर बॅचेसच्या हातून गेल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, ब्रँडचं नाव टाकत नाहीये, या टाइपची उघडी रील बरेच जण बनवतात आणि मला बोलायचंय ते डिझाइनबद्दल. स्टीलचं हँडल, त्याला बाजूने बसवलेला डेल्रिनचा (कडक प्लॅस्टिकचा) स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, फिरवायला एक खुंटी, लॉक करायला स्क्रू आणि आत शंभर मीटरच्या वर पांढरी विणलेली नायलॉनची लाइन, एवढाच काय तो मामला. गुहेत शिरताना ही लाइन मागे सोडत, बांधत जायचं आणि तिला धरून परत बाहेर यायचं, त्यासाठी रील. मी पाण्याने भरलेल्या गुहेतलं डायव्हिंग शिकवतो, आणि ही रील स्वतःसाठी नाही तर शिकणाऱ्यांच्या हातात द्यायला घेतली होती. त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच अँगलने वाचा. लांबच लांब गुहा एक्सप्लोर करणाऱ्यांना यातलं अर्धं बिनकामाचं वाटेल, चालायचंच.

बरं, शिकणारे कसे? कोर्सला दोन प्रकारची माणसं येतात. काही पहिल्या लेक्चरपासून गप्प, आणि काही अशी की टायर फुटला तरी त्यातून धमाल काढतील. माझ्याकडे गेले काही महिने दुसरी जमातच जास्त आली. मित्रमैत्रिणींचे ग्रुप, सुट्टीच्या मूडमध्ये, सगळ्यांना टोपणनावं. बरेच इन्स्ट्रक्टर अशा बॅचला वैतागतात, मला मात्र आवडतात, कारण एखादी ड्रिल खेळ वाटली की ही पोरं ती दहा वेळा करतात आणि अकराव्यांदा स्वतःच मागतात. गंभीर माणूस तिसऱ्यांदाच म्हणतो की सर कळलं मला.

रीलकडे येतो. पहिलं इंप्रेशन वाईट. खुंटी गुळगुळीत, जाड ग्लोव्ह्ज घातले की सटकते. लॉकचा स्क्रू आपोआप ढिला होतो आणि एकदा तर पूर्ण निघून तळाला गेला, उथळ पाण्यात होतो म्हणून सापडला. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे गुंता. लाइन सोडताना स्पूलवर बोट हलकं टेकवून ब्रेक ठेवावा लागतो, तो सुटला आणि तुम्ही थांबलात की स्पूल मात्र फिरतच राहतो, मग लाइनचे वेटोळे बाहेर येतात आणि मागे खुंटीच्या भोवती जाऊन बसतात. गुंडाळताना पण तेच, बोटाने लाइन डावी-उजवी सारखी भरत नेली नाही तर एका बाजूला ढीग होतो आणि रील अडकते. एका मुलीने तर स्पष्ट सांगितलं, "सर, ही रील फेकून द्या ना, हिचं माझ्याशी वैर आहे."

पण हळूहळू लक्षात आलं की शिकवायला हेच बरंय. झाकलेल्या रीलमध्ये गुंता आत होतो, दिसत नाही आणि बाहेरून सोडवता येत नाही. इथे बोट सुटलं की पुढच्याच क्षणाला गुंता सगळ्यांसमोर, मला तोंड उघडायची गरज नाही. मस्तीखोर माणसाला इन्स्ट्रक्टरचं ओरडणं लागत नाही, मित्रांचं हसणं बरोबर लागतं. ज्याचा गुंता झाला त्यानेच तो जमिनीवर बसून सोडवायचा आणि बाकीच्यांनी कॉमेंटरी करायची, हा नियम पोरांनीच काढला.

जमिनीवरची ड्रिल हा रीलचा खरा वापर. पाण्यात जाण्याआधी झाडं, खांब, दगड, जे मिळेल त्याला लाइन बांधून एक नकली गुहा करायची. पहिली गाठ उघड्या पाण्याची, जिथून सरळ वर जाता येतं, दुसरी गुहेच्या तोंडाच्या जरा आत, मग पुढे वळणावळणाने. त्यानंतर डोळ्यांवर पट्टी आणि लाइनला हाताने नुसती कडी करून बाहेर या. एकाचा हात लाइनवर, मागच्याचा पुढच्याच्या दंडावर, पुढे ढकललं की चाल, मागे ओढलं की मागे ये, बोलायचं नाही. ही न बोलण्याची अट म्हणजे या बॅचेसना जन्मठेप. आगगाडीसारखी रांग करून खिदळत निघतात आणि मग एका जागी गाडी थांबते.

थांबते कुठे ते सांगतो, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका ग्रुपच्या पठ्ठ्याने लाइन टाकताना शॉर्टकट मारला, दोन खांबांच्या मधे न बांधता सरळ ताणली. डोळे उघडे असताना काहीच वावगं दिसत नव्हतं. पट्टी बांधून परत येताना त्याच्या मैत्रिणीचा हात लाइनसोबत दोन दगडांच्या फटीत गेला, मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा काही जाईना. लाइन बरोबर, रस्ता बरोबर, पण माणूस मावत नाही. याला लाइन ट्रॅप म्हणतात. आपण जातो मोकळ्या जागेतून, ताणलेली लाइन मात्र कोपरा कापून फटीत सरकते, आणि गाळ उठल्यावर दिसत काही नाही तेव्हा हाताला फक्त ती फट लागते. ती दोन मिनिटं चाचपडत राहिली, बाकी सगळे आधी हसले आणि मग हसणं आपोआप थांबलं. त्या पठ्ठ्याने पुढे प्रत्येक वळणावर गाठ मारली, गरज नसली तरी.

पाण्यात गेल्यावर मस्तीचा हिशोब वेगळा. हसलं की गालाला सुरकुत्या पडतात, मास्कची सील सुटते आणि पाणी आत, हे तर आहेच, एवढ्याने कोणी मरत नाही. लाइटचं मात्र मी अजिबात खपवून घेत नाही. गुहेत लाइट हीच भाषा, हळू गोल फिरवला म्हणजे ओके, जोरजोरात आडवा हलवला म्हणजे इमर्जन्सी. आणि या पोरांना लाइट हातात आला की डिस्को सुचतो. एकदा भिंतीवर उगाच झोत नाचला आणि पुढचे दोघं गर्रकन वळून परत आले, फिन्सनी तळाचा गाळ उठला, तोवर स्वच्छ असलेलं पाणी दुधासारखं. तिथे रील कामाला आली, लाइन नीट ताणलेली होती म्हणून सगळे हात लावून आरामात बाहेर. लाइन सैल असती तर मी इथे वेगळं काहीतरी लिहीत असतो.

रील कोणाला द्यायची यावर पण बोलतो. रीलवाला आत पहिला जातो आणि बाहेर शेवटचा येतो. मी ती मुद्दाम सगळ्यात जास्त बडबड करणाऱ्याला देतो. दोन्ही हात गुंतले की मस्ती करायला हात उरत नाही, आणि मागचे सगळे आपल्या गाठीवर अवलंबून आहेत हे कळलं की चेहरा बदलतो. अपवाद एकच, जो घाबरल्यावर जास्त जोक मारतो तो. असा एकजण प्रत्येक बॅचमध्ये असतो आणि तो ओळखणं हेच माझं अर्धं काम आहे असं मला वाटतं. त्याला रील नको, माझ्या लगेच पुढची जागा द्यायची.

कारण असा माणूस परत फिरायची खूण करायला लाजतो, आणि केव्ह डायव्हिंगमध्ये कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने अंगठा वर केला की डाइव्ह संपली. कारण विचारायचं नाही. ग्रुपमध्ये नेमकी याचीच चेष्टा होते, "काय रे, फाटली का?" वगैरे. मी पहिल्याच दिवशी सांगतो, वाट्टेल त्यावर हसा, अंगठ्यावर हसलात तर तुमचा कोर्स तिथेच बंद. गॅसचंही, म्हणजे सिलिंडरमधल्या श्वासाच्या हवेचं, तसंच. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेला अडचणीसाठी. सिलिंडरमध्ये २०० बार प्रेशर असेल तर ६६ नाही, खाली राउंड करून ६० वापरायचे, म्हणजे १४० ला वळायचं, आणि ग्रुपमध्ये ज्याचा आकडा आधी येईल त्याच्यावर सगळे वळणार. "सर, थोडंच पुढे मस्त हॉल आहे" हे वाक्य प्रत्येक बॅच म्हणते. त्यांना मी शेक एक्सली या अमेरिकन केव्ह डायव्हरचं सांगतो, त्याने सत्तरच्या दशकात गुहांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि तीच तीच कारणं पुढे आली, बाहेरपर्यंत सलग लाइन नाही, परतीसाठी पुरेसा गॅस राखला नाही, फार खोल गेले. नियम त्यातून आले, कोणाच्या कडक स्वभावातून नाही. आणि हो, तो स्वतःही १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या पाण्याने भरलेल्या विवरात खूप खोल डाइव्ह करताना मेला. हे ऐकल्यावर हॉलचा विषय सहसा निघत नाही.

आता मेंटेनन्स, पटकन. वाळू एक्सलमध्ये जाते, प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुवून स्पूल काढून पुसा. लाइन काही महिन्यांत दगडांवर घासून केसाळ झाली, ती बदलली. बदलताना नायलॉनचीच घ्या, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त दिसेल पण ती तरंगते, छताला जाऊन चिकटेल. गाठी मारण्याआधी नवीन लाइन भिजवून वाळवा, नायलॉन आखडतं आणि मग दर ३ मीटरवर मारलेल्या गाठी ३ मीटरवर राहत नाहीत. अंतर मोजायला त्याच गाठी लागतात. स्क्रूला मी बारीक दोरी बांधून हँडलला अडकवलाय, खुंटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, दोन्ही जुगाड अजून टिकून आहेत. रील अडकवायचा हुक चांगला निघाला, गंज नाही.

माझं मत विचाराल तर शिकवणाऱ्याने घ्यावी, एक नाही दोन घ्याव्यात, एकीचा गुंता सुटेपर्यंत दुसरी चालते. स्वतःच्या मोठ्या डाइव्हसाठी मी ही वापरत नाही, तिथे माझी जुनी रील बरी. इमर्जन्सीसाठी तर नकोच, त्याला साधा फिंगर स्पूल, म्हणजे हँडल नसलेली नुसती फिरकी, त्यात बिघडायला काही नसतं. डावखुऱ्यांनी घेण्याआधी हातात धरून बघा, हँडल उजव्या हाताच्या हिशोबाने आहे आणि माझ्या दोन डावखुऱ्या विद्यार्थ्यांनी तिला रोज शिव्या घातल्या.