नौपाड्यातली व्हीगन थाळी

ठाण्यात नौपाड्यातल्या या शाकाहारी खानावळीत ‘व्हीगन’ (म्हणजे दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच नको) सांगितलं की पोळीला तेल लावतात, कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू, ताकाऐवजी नारळाच्या दुधाची सोलकढी. मटकीची उसळ फारच चवदार! गडबड होते भातावर: वाढपी सवयीने तुपाची धार सोडतो, त्यामुळे ताट मांडतानाच पुन्हा सांगा. गोड घेऊ नका, शिरा तुपातलाच असतो. पाकिटांवरच्या शाकाहारी हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, त्यात दूध आणि मध चालतात. व्हीगन पाकिटांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली कामगार लवादाने नैतिक व्हीगनवाद (प्राण्यांना इजा नको म्हणून व्हीगन राहणं) ही कायद्याने संरक्षित तात्त्विक श्रद्धा मानली. इथे खानावळीचे मालक ग्राहकाची ही श्रद्धा आपणहून जपतात, हे मोलाचं. दुपारी एकनंतर सोलकढी संपते.