खिमा, सोया आणि मसूर: आठ महिने करून पाहिल्यानंतर

रविवारी खिमा आणि जोंधळ्याची भाकरी, हा आमच्या घरचा पंचवीस वर्षांचा नेम. बेळगावच्या शहापुरात राहतो, मटणाचं दुकान गल्लीच्या टोकाला, त्यामुळे कधी खंड पडला नाही. गेल्या कार्तिकात यांचा रक्ताचा रिपोर्ट आला आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 162 निघालं. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. म्हणाले, "मटण सोडा असं मी म्हणत नाही, पण त्यातली चरबी कमी करा. तीन महिन्यांनी परत बघू." तेव्हापासून या आषाढापर्यंत, आठ महिने, मी खिम्याचे जेवढे प्रकार जमतील तेवढे करून पाहिले. जे समजलं ते सविस्तर लिहिते, कारण तेव्हा मला मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे पहिले दोन महिने वाया गेले नसते.

सुरुवात झाली थोरल्या लेकीच्या फोनवरून. ती अमेरिकेत टेक्सासला असते. तिकडच्या दुकानात बीफचा खिमा पाकिटात मिळतो आणि पाकिटावर दोन आकडे असतात, 80/20 किंवा 93/7. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. तिथल्या नियमाने खिम्यात 30 टक्क्यांपेक्षा जास्त चरबी चालत नाही. तिने दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवले. 100 ग्रॅम कच्च्या खिम्यात 80/20 मध्ये साधारण 250 कॅलरी, 93/7 मध्ये दीडशेच्या आसपास. हृदयाला जी जास्त नडते ती संपृक्त चरबी पहिल्यात साडेसात ग्रॅमच्या घरात, दुसऱ्यात तीनच्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या कॅलरीतल्या 10 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबीतून येऊ नयेत. 2000 कॅलरीच्या जेवणाला ते 22 ग्रॅम होतात. म्हणजे त्या पहिल्या खिम्याची एक मोठी वाटी खाल्ली तर दिवसभराचा निम्मा कोटा संपला, आणि दूध, तूप, खोबरं अजून बाकीच.

आमच्या घरी बीफ शिजत नाही. पण प्रश्न तोच होता: आपल्या खाटकाच्या परातीतल्या खिम्यावर तो दुसरा आकडा कोण लिहिणार?

मी दुकानात विचारलं, "मामा, ह्यात चरबी किती असेल?" ते म्हणाले, "वैनी, खिमा म्हणजे थोडी चरबी पायजेच की. नाहीतर रुक्का होतोय." त्यांचं चूक नव्हतं. पण परातीत तयार असलेला खिमा कशाचा असतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा उभं राहून पाहिलं. पोटाकडचं, बरगडीवरचं, कापताना उरलेले तुकडे, सगळं त्यात जातं. चवीला तो उत्तम लागतो आणि त्याचं कारण चरबीच आहे. घरी आणून मी तो अर्धा किलो खिमा तेल न घालता कढईत परतला, चाळणीत निथळला आणि खालची वाटी फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी वाटीत बोटाच्या एका पेराएवढा पांढरा थर. यांना बोलावून दाखवला. त्या थराने जे काम केलं ते डॉक्टरांच्या आकड्याने केलं नव्हतं.

तेव्हापासून मी मांडीचं मटण घेते. आधी तुकडा दाखवून घ्यायचा, वरची चरबी काढायला सांगायची, मग आपल्यासमोर खिमा करून घ्यायचा. वजन चरबी काढायच्या आधी होतं, त्यामुळे किलोमागे 80 ते 100 ग्रॅमचे पैसे असेच जातात. मटणाचा आजचा दर बघता हे जाणवतं, पण मी ते मान्य केलंय. याच मांडीच्या खिम्यातून निथळून जेमतेम चमचाभर चरबी निघते. आणखी एक विचारायला शिकले: मेंढ्याचं की बोकडाचं? आपल्या भागात मेंढ्याचं मटण पुष्कळ विकलं जातं आणि ते चरबीला जड असतं. बोकडाचं मुळातच कोरडं, मांसात चरबीच्या रेषा फार कमी. खिम्यासाठी मी आता बोकडाचंच मागते.

कॅम्पातली माझी एक जुनी मैत्रीण म्हशीचा खिमा करते. कर्नाटकच्या 2020 च्या कायद्याने 13 वर्षांवरच्या म्हशी कापण्यापुरतीच मोकळीक ठेवलीय, त्यामुळे ते मांस जून असतं, चिवट असतं. त्याचं उत्तर ती खिमा करूनच शोधते. बारीक करायचं, आलं-लसूण-दही लावून दोन तास ठेवायचं आणि मंद आचेवर भरपूर वेळ शिजवायचं. म्हशीच्या मांसात चरबी कमीच. ती म्हणते, "तुमच्या मटणापेक्षा माझ्या कढईत कमी तेल सुटतंय." मी स्वतः पाहिलंय, खरं आहे.

जानेवारीत मी हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र घेतलं, ओट्याला स्क्रूने आवळायचं, बिडाचं. दुकानातल्या यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं मांस अडकलेलं असतंच, ते मला नको होतं. खिमा करताना वरच्या बाजूचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याला आतून 71 अंश आणि कोंबडीला 74 अंश उष्णता लागते. कुकरमध्ये ही काळजी नाही. पण तव्यावरचे कटलेट-कबाब मी आता झाकण ठेवून जास्त वेळ भाजते. यंत्राबद्दल दोनच गोष्टी. मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मगच घाला, नाहीतर चरबी पातळ होऊन पात्याला लडबडते आणि खिमा लगद्यासारखा निघतो. आणि धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात लावा. माझ्याकडून पहिल्याच महिन्यात राहिलं आणि गंज चढला.

कोंबडीच्या खिम्याकडे सगळे सोपा पर्याय म्हणून वळतात. कातडीसकट केलेला असेल तर चरबीचा फायदा बराचसा जातो. नुसत्या छातीच्या मांसाचा केला तर चरबी अगदी कमी, पण कोरडा ठक्क. मी दोन भाग छाती आणि एक भाग मांडी घेते, कातडी काढून. धाकट्याला हा आवडतो. सासूबाई मात्र हात लावत नाहीत.

आता बिनमांसाच्या पर्यायांकडे.

सोयाचा चुरा हा माझा सगळ्यात मोठा शोध, आणि पहिल्यांदा सगळ्यात मोठी फजितीही त्याचीच झाली. पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रथिनं लिहिलेलं पाहून मी हरखले. हा आकडा कोरड्या चुऱ्याचा आहे, हे नंतर डोक्यात शिरलं. भिजून तो तिप्पट होतो, म्हणजे ताटात पडलेल्या 100 ग्रॅममध्ये सतरा-अठरा ग्रॅमच. तरी ते मटणाच्या जवळपास जातंच, आणि चरबी नावालाच, कारण सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठाचा तो बनतो. इकडे बैलहोंगल, चिकोडीकडे पावसाळ्यात सोयाबीनची शिवारं बघत आम्ही मोठे झालो, पण ते घरच्या कढईत असं कधी आलं नव्हतं. पहिल्यांदा मी तो नुसता कोमट पाण्यात भिजवून घातला. सगळ्या घरभर कच्चट वास. आता उकळत्या पाण्यात मीठ आणि आल्याचा तुकडा घालून पाच मिनिटं ठेवते, घट्ट पिळते, गार पाण्यात परत धुते, परत पिळते. मग थोड्या तेलावर कोरडा होईपर्यंत परतते. परतणं चुकवलं तर मसाला आत जात नाही.

मार्चपासून आमचं प्रमाण ठरलंय: अर्धा किलो मांडीच्या खिम्याला 50 ग्रॅम कोरडा सोया. मटण आधी परतून निथळून घ्यायचं, मसाला नंतर. हा क्रम महत्त्वाचा, कारण मसाला घातल्यावर निथळलं तर कांदा-लसूण चटणीची सगळी चव त्या चरबीबरोबर वाटीत जाते. सासूबाईंना पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. दोन घास खाऊन म्हणाल्या, "चव तीच हाय गं, पण दाताला काय लागंना. काय घातलीस ह्यात?" सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग अजून एक भाकरी घेतली.

पण मला स्वतःला सोयापेक्षा मसूर जास्त भावला. आपला जवारी, म्हणजे गावरान मसूर, बारीक, काळपट. अख्खा मसूर तर आपल्या हमरस्त्यावरच्या ढाब्यांनी नावारूपाला आणलाच आहे. तो अर्धवट शिजवून, पाणी काढून, निम्मा भरडून खिम्यात मिसळला तर ओलावा राहतो आणि दाणाही लागतो. शिजलेल्या मसुरात 100 ग्रॅमला 9 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सोयापेक्षा कमी. पण सोबत चोथा येतो, जो मटणात अजिबात नाही, आणि यांच्या पोटाला त्याचा उपयोग झाला.

तयार मिळणारा वनस्पतीजन्य खिमाही आणला, गोठवलेला, एका मोठ्या कंपनीचा. नाव लिहीत नाही. मांसासारखा दिसतो, वासही बराच तसा. पण पाकीट उलटून वाचा. माझ्या पाकिटात 100 ग्रॅमला 480 मिलिग्रॅम सोडियम होतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. शिवाय त्यात खोबरेल तेल घातलेलं, म्हणजे ज्या संपृक्त चरबीपासून पळत होते तीच दुसऱ्या दाराने आत. किंमत मटणापेक्षा जास्त. मांस धर्माने किंवा मनाने सोडलंय आणि चव आठवते, त्यांनी जरूर घ्यावा. कोलेस्टेरॉलसाठी घेत असाल तर आधी ते कोष्टक वाचा.

मार्चमध्ये खानापूरहून कोवळा फणस आला. उकडून कुस्करला की धागे अगदी मांसासारखे सुटतात, काळ्या मसाल्यात सुरेख लागतो, पण प्रथिनं फारच थोडी. त्या दिवशी मी जेवणात उसळ ठेवते. आणि पाऊस लागल्यावर मिळणारी अळंबी बारीक चिरून कोंबडीच्या खिम्यात घातली तर त्याचा कोरडेपणा जातो. महाग पडते, दोनदाच केली.

मांस पूर्ण बंद करण्याच्या मी बाजूची नाही. बी-12 जीवनसत्त्व सोयात नाही, मसुरातही नाही. ते मांस, अंडी, दूध यांतून मिळतं, आणि सासूबाईंच्या वयाला तर ते हवंच.

यांचं एलडीएल फेब्रुवारीत 149 होतं, जूनमध्ये 131. सगळं श्रेय खिम्याला देणार नाही. रोज सकाळी ते पाऊण तास चालतात आणि बेकरीचं खारी-बटर बंद आहे. डॉक्टर म्हणाले, "जे चाललंय ते चालू ठेवा." गोळी अजून सुरू झालेली नाही, आणि एवढ्यासाठी मी प्रत्येक रविवारी अर्धा तास जास्त उभी राहायला तयार आहे.

श्रावणात महिनाभर मसूर आणि सोयाच होईल. आषाढाचा शेवटचा रविवार अजून शिल्लक आहे. त्या दिवशीचं मामांना सांगून ठेवलंय: अर्धा किलो, बोकडाचं, मांडीचं, माझ्यासमोर.