ग्वाल्हेरची थंडी, मोकळं घर आणि हॉट अँड कोल्ड एसी: पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर

ग्वाल्हेरच्या थंडीबद्दल पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. डिसेंबरच्या शेवटी पारा चार-पाच अंशांवर येतो. खरा त्रास रात्रीचा नसतो, दाट धुक्याच्या दिवसांचा असतो. तेव्हा दुपारीसुद्धा ऊन पडत नाही आणि भिंती, फरशी, भांडी सगळं गार पडलेलं राहतं. इथली घरं बांधली जातात मे-जूनच्या पंचेचाळीस अंशांसाठी. थंडीचा विचार त्यात कुणी केलेलाच नसतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं आमचं घर वाड्याची वाटणी झाल्यावर नव्याने बांधलेलं आहे. खाली बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर सलग, मध्ये एकही भिंत नाही. त्यातूनच जिना वर जातो आणि मधोमध जुन्या चौकाची आठवण म्हणून छतात लोखंडी जाळी ठेवली आहे. उन्हाळ्यात ती जाळी म्हणजे वरदान. हिवाळ्यात मात्र खाली तापवलेली हवा जिन्यातून आणि जाळीतून सरळ वर निघून जाते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांचा सगळा दिवस बैठकीत जातो, म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही दीड टनाचा इन्व्हर्टर हॉट अँड कोल्ड एसी बसवला.

आधी आमच्याकडे तेलाचा रेडिएटर होता. तो वाईट नाही, पण तो कमी विजेत जास्त ऊब देतो असं दुकानात सांगतात, ते खरं नाही. दोन हजार वॉटचा हीटर तेलाचा असो, कॉइलचा असो वा पंख्याचा, तासाला दोन युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. हॉट अँड कोल्ड एसी वीज जाळून उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर सात अंश असताना एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. थंडी वाढते तसा हा आकडा उतरतो, तरी आमच्या थंडीत तो हीटरच्या कितीतरी पुढे राहतो. आमच्या मीटरवर बघितलं तर संध्याकाळच्या पाच तासांना रेडिएटर दहा युनिट घ्यायचा आणि बैठकीचा एक कोपराच गरम व्हायचा. एसी तेवढ्याच वेळात साधारण पाच युनिट घेतो आणि पूर्ण खालचा मजला बसण्यासारखा होतो.

खरेदी करताना एक गोष्ट जरूर विचारा. एसीवरचे स्टार हे फक्त थंडाव्याच्या कामगिरीवर दिलेले असतात, गरम करण्याशी त्यांचा संबंध नाही. पाच तारे बघून खूश होऊ नका. माहितीपत्रकात हीटिंगची क्षमता किती आणि ती बाहेरच्या किती तापमानाला मोजली आहे, ते बघा.

बसवायला आलेला माणूस मशीन जिन्यासमोरच्या भिंतीवर लावायला निघाला होता, कारण तिथून पाइप कमी लागत होता. मी ठाम नकार दिला. झोत जिन्याकडे गेला असता तर आम्ही वरचा रिकामा पॅसेज तापवत बसलो असतो. आता मशीन जिन्याच्याच बाजूच्या भिंतीवर आहे आणि झोत बैठकीकडे येतो. पाइपाचे थोडे जास्त पैसे गेले, पण ते सार्थकी लागले. हीटिंगमध्ये झडपा पूर्ण खाली वळवायच्या, हेही लक्षात ठेवा. थंडाव्यासाठी त्या आडव्या ठेवायची सवय असते, पण गरम हवा आपणहून वर जाते. तिला जमिनीकडे ढकलावंच लागतं.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात निराशा झाली. रिमोटवर चोवीस अंश, आणि पायाखाली ग्वाल्हेरच्या दगडाची फरशी बर्फासारखी. मी दोन साधे थर्मामीटर आणले, एक कपाटावर आणि एक पाटावर ठेवला. वर तेवीस, खाली जेमतेम पंधरा! मशीनचा सेन्सर वर भिंतीवर असतो. त्याला वाटतं घर तापलं, म्हणून तो जोर कमी करतो, आणि माणसं खाली कुडकुडत राहतात. रिमोटवर ‘आय फील’ बटण असेल तर वापरा. त्यात तापमान रिमोटजवळचं मोजलं जातं. आम्ही रिमोट सासऱ्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवतो आणि सगळ्यांना बजावून ठेवलंय की तो तिथून हलवायचा नाही.

पण खरा फरक पडला तो मशीनमुळे नाही. जाळीवर आम्ही दुहेरी थराची, मध्ये पोकळी असलेली पॉलीकार्बोनेट शीट बसवली. ती हिवाळ्यापुरती असते, होळीनंतर काढायची. जिन्याच्या तोंडाशी महाराज बाडा या इथल्या मुख्य चौकाजवळच्या रजईवाल्याकडून कापूस भरलेला जाड पडदा शिवून घेतला. तो फरशीला टेकेल इतका लांब केला आणि खालच्या काठात साखळी घातली, म्हणजे तो हलत नाही. सासूबाईंना आधी तो पडदा अजिबात आवडला नव्हता, आता संध्याकाळी पाच वाजले की त्याच ओढून घेतात. दाराखालच्या फटींना ब्रशच्या पट्ट्या लावल्या, बैठकीत सतरंज्या घातल्या. तेच दोन थर्मामीटर आता वर बावीस आणि खाली अठराच्या वर दाखवतात. युनिटही तेव्हापासूनच खाली आले. सांगायचं तात्पर्य हे की मोकळ्या घरात आधी जिन्याची वाट बंद करून घ्या, मग मशीनचा विचार करा. नाहीतर दोन टनांचा एसीसुद्धा अपुरा पडेल.

स्वयंपाकघर सलग असल्यामुळे चिमणीचाही प्रश्न आला. चिमणीवर ताशी हजार-बाराशे घनमीटर असं लिहिलेलं असतं. आमच्या खालच्या मजल्यात हवाच मुळी सव्वाशे-दीडशे घनमीटर आहे. म्हणजे फुल स्पीडवर चिमणी दहा मिनिटांत घरभरची ऊब बाहेर फेकू शकते. आता फोडणीपुरती चिमणी जोरात, बाकी वेळ मंद. मात्र गॅस पेटलेला असतो तेव्हा खिडकीची एक फट उघडी ठेवतोच, त्यात तडजोड नाही. आणि कोळशाची सिगडी बंद घरात कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचून जीव तुटतो.

आता मशीनची उणी बाजू. दाट धुक्यात, बाहेर चार-पाच अंश असताना, बाहेरच्या युनिटच्या जाळीवर पांढरं हिम साठतं. ते वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं. आतला पंखा थांबतो, एक ‘फुस्स’ आवाज येतो आणि ऊब बंद होते. अगदी दाट धुक्याच्या पहाटे हे तासाभरात एकदा तरी होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट निघाले आणि समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, “अगं सूनबाई, तुमच्या मशीनला आग लागली बघ!” त्यांना खाली बोलावून चहा पाजला आणि समजावलं. वितळलेलं पाणी बरंच असतं. आमचं शेजाऱ्यांच्या पायरीवर पडत होतं, म्हणून खाली ट्रे आणि नळी लावून घेतली.

कॅनडात राहणारा माझा मावसभाऊ म्हणाला की त्यांच्याकडे उणे पंधरातसुद्धा अशी उष्णता उचलून आणणारी मशीनं, म्हणजे हीट पंप, चालतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर ते घरोघरी आहेत. मग आमच्याकडे एसी पाच अंशांतच का अडखळतो? एक तर ती मशीनं वेगळी असतात, खास तशा थंडीसाठी केलेली. दुसरं, तिथल्या कडाक्याच्या थंडीत हवा कोरडी असते. आपल्या धुक्यात हवेत पाणी ठासून भरलेलं असतं आणि तेच कॉइलवर गोठतं. शिवाय त्यांच्या भिंतींत इन्सुलेशन आणि खिडक्यांना दुहेरी काच असते. आपल्याकडे नऊ इंची विटेची भिंत आणि एकेरी काच.

म्हणून एसी थंडी चढल्यावर नाही, दुपारी चार-साडेचारलाच सुरू करावा. तेव्हा बाहेर चौदा-पंधरा अंश असतात, मशीन आरामात चालतं आणि भिंती थोड्या तापून राहतात. रात्री आठला गारठलेलं घर तापवायला घेतलं की तासभर ते पूर्ण जोरात पळतं.

हवा कोरडी होते हे खरं आहे, नाक-घसा सुकतो. त्यासाठी आम्ही पाण्याचं पातेलं ठेवतो. एसीने ‘ऑक्सिजन जळतो’ असं लोक म्हणतात, तसं मात्र काही होत नाही, ते विस्तवाचं काम.

बिलाचं बोलायचं तर मध्य प्रदेशात महिन्याला 150 युनिटांच्या आत राहणाऱ्यांना पहिल्या 100 युनिटांवर सवलत मिळते. एसीने तापवायला लागलात की ती मर्यादा ओलांडणारच, तेवढा हिशेब आधी करा. वीज कंपनीकडून घराचा मंजूर वीजभारही वाढवून घ्या, आणि हीटर असो वा एसी, सोळा अँपिअरच्या सॉकेटशिवाय लावू नका.

वरच्या झोपायच्या खोल्यांत आम्ही काहीही बसवलेलं नाही. तिथे दार बंद करून रजई पुरते. ज्यांचं घरच बंद खोल्यांचं आहे, किंवा भाड्याचं आहे आणि तासभर अभ्यासापुरती ऊब हवी आहे, त्यांनी एवढा खर्च करू नये. अंगावर सरळ उष्णता टाकणारा क्वार्ट्‌झ हीटर त्यांना स्वस्तात पडेल. सलग मोकळा मजला आणि दिवसभर घरी बसणारी म्हातारी माणसं असतील, तर मात्र ऑक्टोबरमध्येच मशीन बसवून घ्या. डिसेंबरात बसवणारा माणूस वेळेवर मिळत नाही.