परदेशातल्या मित्राकडे खाऊ न्यायचाय? घरगुती व्हॅक्यूम सीलरचं परीक्षण

परदेशात राहणाऱ्या मित्राकडे ठाण्याहून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. फोनवर "काही आणू नकोस रे" म्हणून झालं की दोन दिवसांत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, सुके बोंबील अशी यादी येतेच. हा खाऊ धड पोहोचावा म्हणून हल्ली बऱ्याच घरांत व्हॅक्यूम सीलर आलाय. इथलं परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. पिशवीचं तोंड झाकणात धरून हवा ओढणारी, साधारण ३० सेंटीमीटरच्या पट्टीची घरगुती मशीनं आतून जवळपास सारखीच असतात आणि चुकतातही सारख्याच ठिकाणी.

मत आधीच सांगायचं तर, कोरड्या आणि दळलेल्या वस्तूंसाठी हे मशीन उत्तम आहे. तेलकट आणि ओल्या पदार्थांसाठी घेऊ नका. एकाच ट्रिपसाठी तर नकोच; मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून एक घेतलेलं बरं. खरा खर्च मशीनचा नसतो, ज्यातून पिशव्या कापायच्या त्या प्लास्टिकच्या रोलचा असतो, आणि तो दर वेळी होतो.

रोल घेताना एक बाजू खडबडीत, उभ्याआडव्या रेघांची असलेलाच घ्यावा. त्या रेघांच्या फटींतूनच हवा बाहेर जाते. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असलेल्या पिशवीचं तोंड पंप सुरू होताच चिकटतं आणि हवा आतच राहते. "मशीन बिघडलं" म्हणून ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या निम्म्या इथेच मिटतील. साध्या पॉलिथिनमधून हिंगाचा आणि मसाल्याचा वास झिरपतो. या रोलमध्ये नायलॉनचा थर असतो, त्यामुळे बॅगेतले कपडे वाचतात.

गोडा मसाल्यावर या मशीनची खरी परीक्षा होते. जांभळी नाक्यावरून साहित्य आणलं, भाजलं, डंकावर कुटून घेतलं, की घरी येतो तेव्हा मसाला कोमटच असतो. तो लगेच पिशवीत भरला तर वाफ आत अडकते आणि चार दिवसांत गुठळ्या होतात. पावसाळ्यात ठाण्याची हवाच इतकी दमट असते की पंख्याखाली उघडा ठेवला तरी तो ओल धरतो. म्हणून स्टीलच्या परातीत पसरावा, वर कोरडं सुती कापड घालावं, पूर्ण गार झाला की लगेच भरावा. भरताना पिशवीची वरची ७-८ सेंटीमीटर कड बाहेर दुमडून घ्यावी, म्हणजे सीलच्या जागी मसाला लागत नाही. वर किचन टिश्यूची एक घडी ठेवून मग कड सरळ करावी. टिश्यू नसेल तर हवेबरोबर पूड वर ओढली जाते. ती तापणाऱ्या पट्टीवर बसते, रबरी गॅस्केटमध्ये शिरते, आणि पुढच्या प्रत्येक पाकिटाला बारीक गळती लागते. मसाल्यात तीळ आणि खोबरं असतं, त्यांचं तेल हवेने खवट होतं. हवा काढली की हा खवटपणा बराच लांबतो. मशीनचे पैसे वसूल होतात ते या एका गोष्टीवर.

भाजणीचंही तंत्र हेच, पण सील करण्याआधी पाकीट हाताने थापून सपाट करावं. विटेसारखं चपटं पाकीट बॅगेत छान बसतं. रवा, पोहे, डाळी न्यायच्या असतील तर आधी चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. व्हॅक्यूममध्ये किडा गुदमरतो, पण अंड्यांची खात्री देता येत नाही. फ्रीजरमधून काढल्यावर मात्र पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतलं पाणी आत जमतं.

चिवडा, चकली, कडबोळी यांचा पूर्ण व्हॅक्यूममध्ये भुगा होतो. मशीनवर पंप मधेच थांबवून सील करायचं बटण असेल तर ते वापरा. पिशवी पदार्थाला नुसती टेकली की थांबायचं. ते बटण नसेल तर फक्त सील करा, पण थोडी हवा हाताने काढा, कारण विमानात केबिनचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तितका कमी होतो आणि हवेने भरलेलं पाकीट तट्ट फुगतं.

सुक्या बोंबलाची टोकं आणि काटे पिशवीला भोकं पाडतात. आधी बटर पेपरचे दोन वेढे द्या, मग पिशवीत घाला, सील झाल्यावर ते पाकीट पुन्हा दुसऱ्या पिशवीत सील करा. आमसुलांचं मीठ पाणी सोडतं, तिथेही टिश्यूची घडी लागतेच.

लोणचं या मशीनच्या वाट्याला जाऊच नये. पंप तेल वर खेचतो, आणि तेल लागलेलं प्लास्टिक वितळलं तरी चिकटत नाही. दुकानातून झाकणाखाली फॉइल असलेली बरणी घ्या आणि ती चेक-इन बॅगेतच ठेवा. पुरणपोळी, ओल्या नारळाच्या वड्या, बटाट्याची भाजी यांचा धोका वेगळा आहे. व्हॅक्यूम जंतू मारत नाही. उलट हवा नसलेल्या ओल्या, कमी आंबट पदार्थात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू खोलीच्या तापमानाला वाढू शकतात, आणि वास किंवा चव बिघडेलच असं नाही. हे पदार्थ व्हॅक्यूम करून बॅगेत टाकू नका.

पॅकिंग कितीही सुरेख असो, उतरल्यावर त्या देशाचा कायदा लागू होतो. युरोपियन युनियनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध-दुभतं आणता येत नाही. म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच. मासळीला २० किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे बोंबील आणि सुकट बिनधास्त न्या. हापूस, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं फक्त पाच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र प्रवासी सामानात चालत नाहीत, कारण विमान वाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी गोड्या आणि मालवणी मसाल्याची कृती पुन्हा वाचावी. अनेक घरांत त्यात खसखस असते आणि तिथे खसखशीला बंदी आहे. मसाला खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्या, आणि डंकवाल्याला आधीचा मसाला झाडून काढायला सांगा.

यजमानाला एक प्रश्न जाण्याआधीच विचारावा: घरात माणसं किती आणि बरण्या किती? मित्राकडे सीलर नसतो. एक किलोचं पाकीट एकदा कापलं की ती साधी उघडी पिशवीच. मसाला १०० ग्रॅमच्या, भाजणी २५० ग्रॅमच्या पाकिटांत भरा. २५० ग्रॅममध्ये मध्यम आकाराची पाच-सहा थालीपीठं होतात, एका सकाळी यजमान आणि पाहुणा दोघांचं भागतं. लहान पाकिटांना रोल जास्त लागतो, पण इथे काटकसर करू नये.

बिननावाची तपकिरी पूड, तीही विटेसारखी घट्ट, पाहिल्यावर कस्टमवाला थांबवणारच. प्रत्येक पाकिटात, बाहेरून वाचता येईल अशी, इंग्रजीत नाव आणि घटक लिहिलेली चिठ्ठी घाला. दुकानातून आणलेल्या मसाल्याचं मूळ लेबल कापून आत सरकवा. सगळा खाऊ एकाच बॅगेत, वरच्या थरात ठेवा. तपासणीत एखादं पाकीट कापलं गेलंच तर झिपच्या तीन-चार रिकाम्या पिशव्या सोबत असू द्या.

सलग पाच-सहा पाकिटं केली की पट्टी जास्त तापते आणि सील जळून पातळ होतं. मधे झाकण उघडं ठेवून मिनिटभर थांबावं. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरावं, कारण सीलमधली एक सुरकुतीसुद्धा हवा आत सोडते. पहिल्या सीलपासून सेंटीमीटरभर अंतरावर दुसरं सील मारावं. हे सगळं निघायच्या आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी करावं. दुसऱ्या दिवशी पाकिटं चिमटीत धरून पाहावीत. जे सैल झालंय ते गळतंय, त्याचं तोंड कापून पुन्हा सील करायला अजून एक रात्र हाताशी असते.